मशीन बंद पाडणारी बाई

तिला ऊन बाधलं म्हणून ती गेली, असं म्हणणारा पहिला माणूस मला तिच्या दारातच भेटला. त्याला मी जे बोललो ते या पुरवणीत छापता येणार नाही. करुणा बोरकरला म्हणे उन्हाने मारलं! उन्हाची काय टाप होती? अख्खी हयात ती बाई भर मे महिन्यात तोंडाला ओढणी गुंडाळून कारखान्यांच्या गच्च्यांवर आणि मागच्या अंगणांत फिरली, आणि प्रत्येक उन्हाळ्याला पाणी पाजून घरी आली. तिला कॅन्सरने नेलं. त्यालाही ती सहजासहजी हाती लागली नाही.

बातमी आली तेव्हा मी लकडगंजमध्ये एका लग्नाच्या मंडपावर चढलो होतो. एप्रिलची दुपार, दातांत सुतळीचं टोक आणि खिशात फोन थरथरत होता. रामटेकेचा फोन. रामटेके म्हणजे बुटीबोरीच्या एका कारखान्यातला चिलर ऑपरेटर, वर्षानुवर्षं करुणाताईच्या हाताखाली काम केलेला माणूस. तो उगाच फोन करणाऱ्यांतला नाही. "भाऊ," तो म्हणाला, "मॅडम गेल्या." मग म्हणाला, "दवाखान्यातून घरी आणून राहिले." मी तोंडातली सुतळी काढली, हातातली गाठ पक्की केली आणि खाली उतरलो. गाठ अर्धवट सोडून उतरलो असतो तर ताई मला तिथूनही बोलली असती.

माझा धंदा मंडप डेकोरेशनचा. बांबू, बल्ल्या, कापड, झालर. ती रेफ्रिजरेशनची इंजिनिअर, कारखान्यांचे चिलर सांभाळणारी. आमची दोघांची ओळख व्हावी असं जगात काही कारण नव्हतं. ती झाली भांडणातून, आणि त्या भांडणात चूक कोणाची होती यावर शेवटपर्यंत आमचं एकमत झालं नाही.

त्याचं असं झालं. बुटीबोरीला पाण्याच्या बाटल्या बनवणारा एक कारखाना आहे. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. बाटलीचं वितळलेलं प्लास्टिक साच्यात जातं, साचा थंड करायला गार पाणी लागतं, आणि ते पाणी गार करणारं मोठं यंत्र म्हणजे चिलर. चिलर काही जादू करत नाही. पाण्यातली उष्णता काढतो आणि बाहेरच्या हवेत टाकतो, जसा आपण घरातला केर बाहेरच्या कचराकुंडीत टाकतो. पण मे महिन्यात नागपूरची हवा म्हणजे आधीच ओसंडलेली कुंडी. उष्णता टाकायला जागाच उरत नाही, मग यंत्रातल्या गॅसचा दाब चढत जातो. फारच चढला की एक छोटीशी कळ यंत्र आपोआप बंद करते. तिला कटआउट म्हणतात. आणि गंमत बघा, बाटल्यांना सगळ्यात जास्त मागणी त्याच महिन्यात. गावाला तहान लागते तेव्हाच नेमकी यंत्राला धाप लागते.

वीसेक वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात कारखान्याच्या मालकांनी, शेठजींनी, मला बोलावून घेतलं. "मशीन को धूप लग रही है, भाऊ. छांव कर दो." माणूस मनाने वाईट नव्हता, खरंच त्याला त्या यंत्राची दया आली होती. आणि उन्हावर आम्हा नागपूरकरांना दोनच औषधं ठाऊक, सावली आणि वाळ्याची ताटी. मी दोन्ही दिली. मी काम अर्धवट करत नाही. वर दुहेरी कापड, चारी कडांना झालर, तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या यंत्राला अगदी चिकटवून बांधलेल्या, त्यांच्यावर बोअरच्या पाण्याची धार. आत नवरा-नवरी बसवले असते तरी शोभले असते. शेठजींनी नारळ फोडला, यंत्राला झेंडूचा हार घातला. मंडप एक नंबर झाला होता, हे मी आजही कोणालाही सांगायला तयार आहे.

दुसऱ्या दिवसापासून यंत्र सारखं बंद पडायला लागलं. चिलरचे पंखे गरम हवा वर फेकतात. ती माझ्या दुहेरी कापडावर आपटायची आणि परत खाली येऊन यंत्राच्याच पोटात शिरायची. बाजूने नवी हवा घ्यावी तर तिथे माझ्या ओल्या ताट्या. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि शेठजींना ठाऊक नव्हतं. मला फक्त कारखान्यातून फोन आला, "भाऊ, लवकर या, कोणीतरी बाई तुमचा मंडप पाडून राहिली."

मी स्कूटर मारत पोहोचलो तर खरंच, भर बाराच्या उन्हात एक बाई शिडीवर उभी, डोळ्याला काळा गॉगल, हातात विळा, आणि माझे दोर सपासप कापणं चाललेलं. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"ओ बाई! मंडप कोणाचा आहे माहीत आहे काय?"

"तुमचा हाय काय? बरं झालं आले. या वर."

मी रागारागात चढलो. तिने माझं मनगट धरून हात उरलेल्या कापडाखाली घातला. भट्टीच्या तोंडात घातल्यासारखा मी तो मागे घेतला.

"लग्नाच्या मंडपाले वर काय सोडता तुम्ही?"

"झरोका."

"काहून?"

"गरम हवा वरून निघून जावी म्हणून."

"हाव ना? मग या मशीनच्याच लग्नात काहून नाही सोडला?"

खाली उभे असलेले सगळे खो खो हसले. मी सोडून. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझा मंडप माझ्या डोळ्यांदेखत पाडला होता, वर माझ्याच धंद्यातलं ज्ञान मला ऐकवलं होतं. पण मी तिथून गेलो नाही, कारण पुढे जे झालं ते बघण्यासारखं होतं.

ती खाली उतरली आणि तिने विजेच्या पॅनेलचं दार उघडलं. थोडा वेळ आत बघत राहिली. मग तिचा चेहरा असा बदलला की हसणारे गप्प झाले. यंत्र वारंवार बंद पडतं म्हणून कोणीतरी त्या कटआउटची दोन टोकं तारेच्या एका तुकड्याने जोडून टाकली होती. म्हणजे दाब कितीही चढो, यंत्राला आता थांबवणारं कोणी नव्हतं. पाइप फुटेपर्यंत ते चालणार होतं.

"तार कोणी टाकली?"

रामटेके पुढे आला. "मी, मॅडम. शेठजीनं सांगितलं."

त्याला ती रागावली नाही. "तुझं स्टूल कुठं असते?" त्याने यंत्राला लागून ठेवलेलं स्टूल दाखवलं. "इथंच बसून राहतो ना दिवसभर? मग फुटलं तं पहिले कोणाच्या अंगावर येईन, शेठजीच्या का तुझ्या?" रामटेकेने स्टुलाकडे पाहिलं. त्याला दोन लहान मुली होत्या, हे मला नंतर कळलं.

शेठजी मध्ये पडले. "चार दिन की बात है, मॅडम. सीझन निकलने दो."

तिने तार उपटली आणि पर्समध्ये टाकली. "आता हे मशीन आपल्या मर्जीनं बंद पडन," ती म्हणाली, "आन् मंडपाशिवाय अजून काहून बंद पडते ते सापडल्याशिवाय चालू होणार नाही."

"और आज का माल?"

"आज माल निघणार नाही. दुसरा इंजिनिअर बोलवायचा असन तं खुशाल बोलवा."

शेठजींनी खुशाल बोलावला. दुसऱ्या कंपनीचा माणूस आला, त्याने नवी तार टाकली आणि यंत्र सुरू झालं. आता वाचकांना वाटत असेल की यापुढे मोठा धमाका झाला, लोक पळाले, आणि बाईचं म्हणणं खरं ठरलं. तसं काही झालं नाही. अख्खा मे यंत्र तारेवर चाललं, जून लागला, बाटल्या खपल्या, कोणाच्या नखालाही धक्का लागला नाही. बुटीबोरीच्या चहाच्या टपऱ्यांवर लोक टाळ्या देऊन हसायचे. "मॅडम मशीन चालू करायले नाही, बंद पाडायले येते." तेच तिचं नाव पडलं, मशीन बंद पाडणारी बाई. आणखी दोन-तीन कारखान्यांनी तिला येऊ नका म्हणून कळवलं.

त्याच पावसाळ्यात मी नागपुरातच इंदोऱ्याला तिच्या घरी गेलो. मनातला राग ओकून टाकायचा, एवढाच हेतू होता. बघतो तर बाई शिलाईच्या मशिनीवर बसून माझ्या मंडपाचं फाटलेलं कापड शिवत होती. ते तिने कारखान्यातून उचलून आणलं होतं. "मंडप पाडायचा होता," ती मान वर न करता म्हणाली, "कापडानं काय केलं होतं?" माफी मात्र मागितली नाही. ती कधीच मागायची नाही. मी मेलो तरी विसरणार नाही, इतकी वाकडीतिकडी शिवण होती ती. चहा झाल्यावर मी मुद्दाम डिवचलं, "पण ताई, शेवटी काही झालं तर नाही ना!" ती थांबली. "रेल्वेचं फाटक उघडं राहिलं आन् गाडी आली नाही. म्हणून उद्यापासून फाटक उघडंच ठेवायचं काय, गा?" मग तिने सांगितलं की तिचे आजोबा छप्पन साली दीक्षेला उभे होते, आणि तेव्हापासून त्यांच्या घरात 'मोठे लोक म्हणतात म्हणून' हे वाक्य चालत नाही. वडील मिलमध्ये बॉयलरवर होते. मुलगी शाळेतून आली की तिला घेऊन बसायचे आणि सांगायचे, आग पेटवणं सगळ्यांनाच येतं, कधी थांबायचं ते शीक. हे सांगताना तिचा आवाज जरा खाली आला... मग लगेच म्हणाली, "चहात साखर कमी झाली काय?"

त्या दिवसापासून ती माझी बहीण झाली. फरशीवर खडूने तिने मला काढून दाखवलं की यंत्राला सावली करायची तर कशी करायची. वरची बाजू साफ मोकळी, कापड फक्त पश्चिमेला आणि तेही लांब, वाळ्याच्या ताट्या दोन हात दूर, म्हणजे कोरडी हवा त्यांच्यातून गार होऊन आत जाईल आणि बोअरचं खारं पाणी यंत्राच्या जाळीवर उडून तिथे पापुद्रे धरणार नाहीत. तेव्हापासून दर मार्चमध्ये मी तिच्या सगळ्या कारखान्यांत असे आडोसे बांधतो. नागपूरच्या कोरड्या हवेत ताटीसारखं दुसरं काही नाही, हे तिने मान्य केलं, आणि मला तेवढं पुरलं.

बाटल्यांच्या कारखान्यात ती परत गेली ती शेठजींना उपरती झाली म्हणून नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी रामटेके आणि दुसऱ्या पाळीचे ऑपरेटर शेठजींसमोर उभे राहिले. यंत्रात तार असेल तर आम्ही त्याच्याजवळ बसणार नाही, म्हणाले. शेठजी तापले, दुसरे लोक आणतो म्हणाले. आणले असतेही, पण ऐन हंगामात चिलर समजणारी माणसं काय झाडाला लागतात? शेवटी नाक मुठीत धरून त्यांनी ताईला फोन केला. तिने एकच अट घातली. यंत्र बंद पडलं की कटआउटचं लाल बटण दाबून परत सुरू करण्याआधी कारण शोधायचं, आणि ते ठरवेल तो ऑपरेटर, ऑफिसमधला साहेब नाही. कारण स्टूल ऑपरेटरचं आहे. शेठजी हो म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्यांनी ते पाळलंही. पुढे त्या दोघांचं इतकं जमलं की दिवाळीला फराळाचा डबा यायचा, आणि ताई त्यातल्या चकलीलाही नावं ठेवायची.

गेल्या हिवाळ्यात दुखणं निघालं. मी दवाखान्यात जायचो तेव्हा ती खोलीतल्या एसीकडे बघत पडलेली असायची. "फिल्टर धुतला नाही यायनं. बिचारं कण्हून राहिलं." एक दिवस नर्सला तिने स्टूल आणायला लावलं आणि फिल्टर काढवून धुऊन घेतला. डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्ही आराम करा. ती म्हणाली, आधी त्याले करू द्या. शेवटच्या भेटीत मात्र बोलणं तुटक झालं होतं. माझा हात धरून म्हणाली, "भाऊ, मी गेल्यावर लोक सांगतीन का लय शांत होती, लय सोशिक होती... तू सांगजो, नव्हती म्हणून." मी म्हटलं, सांगीन. तेच सांगायला हा लेख लिहायला घेतला.

तिच्या दारात मंडप मीच घातला. नातेवाईक म्हणाले, कडक ऊन आहे, वरून पूर्ण झाका. मी मधला पट्टा मोकळा सोडला. तिथून उन्हाचा एक तुकडा सरळ अंगणात पडत होता, आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं त्याच्या दोन्ही बाजूंना सरकून बसली होती. बुद्धवंदना झाली. मी हात जोडून उभा होतो आणि मला फार राग येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं. तेवढ्यात मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "जरा नमतं घेतलं असतं बाईनं तर बरं झालं असतं, कुठच्या कुठे गेली असती." कुठे गेली असती? ती जिथे उभी होती तिथून हलली नाही, म्हणून काही माणसं संध्याकाळी धडपणे घरी जाऊन जेवली. त्यांना ते माहीतही नाही. माहीत असायची तिला गरज वाटत नव्हती. मला मात्र ती वाटते.

आता पंधरवड्यापूर्वीची गोष्ट. मे महिना, ऊन मी म्हणत होतं. माझा एक आडोसा वादळात वाकला म्हणून मी बाटल्यांच्या कारखान्यात गेलो होतो. शेठजी आता थकले, कारभार मुलगा बघतो. मी बांबू बांधत असतानाच यंत्राचा आवाज एकदम थांबला. पंखे गरगरत हळू झाले आणि थांबले. कटआउटने यंत्र बंद केलं होतं. पाचच मिनिटांत धाकटे शेठ ऑफिसातून धावत आले, मागे इलेक्ट्रिशियन.

"क्या हुआ? चालू करो."

"कारण पाहून राहिलो," रामटेके म्हणाला.

"बाद में देखना. आज माल जाना है." मग इलेक्ट्रिशियनकडे वळून, "तार डाल दो. शाम को निकाल लेंगे." आणि रामटेकेकडे न बघता, "अब तो मॅडम भी नहीं रहीं."

मी शिडीवर होतो. हातातला बांबू मी सोडला नाही, पण आवळला मात्र. रामटेकेचे केस आता पांढरे झालेत, मुलींची लग्नं झाली, मंडप मीच घातले. तो स्टुलावरून उठला, पॅनेलचं दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभा राहिला.

"मॅडम गेल्या," तो म्हणाला. "प्रेशर कुठं गेलं?"

इलेक्ट्रिशियनने हातातली तार बघितली आणि हात खाली केला. धाकटे शेठ म्हणाले, नौकरी का क्या होगा, सोचा है? रामटेके म्हणाला, "सोचा हाय. तेव्हाच सोचलं होतं." आतून मशीनवरची माणसं एकेक करून बाहेर आली आणि सावलीला उभी राहिली. कारखान्यात एकही बाटली निघत नव्हती. इतकी शांतता मी बुटीबोरीला कधी ऐकली नाही. आणि त्या शांततेत, तुम्ही हसाल तर हसा, मला करुणाताई अगदी स्पष्ट ऐकू आली. नाही म्हणत होती.

धाकटे शेठ कपाळाचा घाम पुसून म्हणाले, "कितना टाइम लगेगा?"

"कारण सापडलं का सांगतो," रामटेके म्हणाला.

सापडलं. कारखान्यामागच्या सावरीच्या झाडांचा कापूस उडून यंत्राची जाळी पार बुजली होती, हवा आत जायला वाटच नव्हती. मी शिडीवरून उतरलो, पाण्याचा पाइप ओढत आणला, आणि आम्ही दोघं जाळी धुवायला लागलो.